दहापैकी तीन

बसा की, मुल्लाणी मॅडम. पंखा बंद आहे, लाईट गेलीय अकरापासून,
मे महिना, पान हलत नाही.
चहा सांगितलाय. येईल तेव्हा येईल.
ही बघा ती उत्तरपत्रिका, गठ्ठा नववा,
नाव नाही, नुसता आसन क्रमांक,
अक्षर असं, की चालत्या केएमटीत बसून लिहिलंय.

मी तीन दिलेत. तुम्ही मॉडरेटर, तुम्ही सात म्हणताय.
म्हणा. मी काही अडवत नाही तुम्हाला.

प्रश्न सोपा होता. न शिकवलेली कविता, अठरा ओळी,
बोलणाऱ्याच्या मनाचा वेध घ्या.
एक माणूस पहाटे गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभा आहे
आणि गवळ्याला सांगतोय, बायको निपाणीला गेलीय, माहेरी,
येईल चार दिवसांत.
गवळी बोलत नाही. म्हैस पिळतो. एवढंच.

एकतीस वर्षं मीच सांगत आलोय वर्गात,
तो काय म्हणतो ते उतरवून काढू नका,
कुणाला म्हणतोय ते बघा, कुठं अडखळतो ते बघा,
न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतोय का, ते आधी बघा.
पोरं माना खाली घालून लिहून घ्यायची, आणि परीक्षेत
'कवीने निसर्गाचे मनोहर वर्णन केले आहे' लिहून मोकळी.
एकानं ऐकलं म्हणायचं. हे बघा, वाचतो.

"हा माणूस 'मी तिला अडवलं नाही' असं चारदा म्हणतो.
गवळ्यानं एकदाही विचारलेलं नाही.
ती नाटकाच्या तालमीहून साडेदहाला परतली तेव्हा
आतून कडी होती. ती वाऱ्यासाठी लावली, असं तो सांगतो.
कवितेत वारा कुठंच नाही.
आणि तो अजून दोघांचं दूध घेतोय."

हे रसग्रहण झालं? हा तर पंचनामा झाला.
अहो, बोलणारा म्हणजे पेशंट नव्हे, जीभ दाखव म्हणायला.
शाईचा माणूस तो. पहिल्या ओळीआधी नव्हता,
अठराव्यानंतर नाही. त्याला बालपण नाही, रक्तदाब नाही,
राजारामपुरी सातवी गल्ली नाही,
जिन्याखाली तिची सायकल नाही.

नाही, कवितेत सायकल नाही. मी आपलं उदाहरण दिलं.

कवी? खाली छापलंय की, अज्ञात.
असतात असे. मूळ एकोणीस ओळी होत्या,
एक छापताना गळली.
कुठली ते आता आठवत नाही.

आणि वाऱ्याचं म्हणाल, तर त्या भागात रात्री सुटतोच हो वारा,
टेंबलाईच्या टेकडीवरनं येतो, दारं आपटतात,
शेजारचे हुक्केरी अंथरुणात उठून बसायचे.
हे पोराला कसं ठाऊक? ते असेल गारगोटीकडचं.
पण ठाऊक नाही, तर एवढं ठाम कशाला, 'कुठंच नाही'?
'फारसा नाही' लिहिलं असतं,
मी पाच दिले असते.

शिवाय मुख्य गोष्ट त्याच्या हातून निसटलीच.
तिनं कडी तीनदा वाजवली.
तीन मोजायला माणूस जागा लागतो, मॅडम.
पण ते त्याला दिसणार तरी कसं,
ते त्या गळलेल्या ओळीत होतं.

तुम्ही दाराकडं का बघताय?
लोटलंय नुसतं. कागद उडू नयेत म्हणून.

हो.
हलत नाहीयेत. मला दिसतंय.

लिहा, सात लिहा. आठ लिहा हवं तर,
मी कुठं अडवतोय.
सही खाली करायची ना, तारखेसकट?

चहावाला आला वाटतं. दोनदा वाजवलं त्यानं.
थांबा, उठू नका तुम्ही,
तिसऱ्यांदा वाजवायच्या आत
मी उघडतो.